फोटोखालच्या चिठ्ठ्या

सोमवारी दुपारी माझा भाऊ तळोद्यातल्या त्याच्या स्टुडिओत खुर्चीवर बसला आणि उठला नाही. समोरच्या जीप स्टँडवरच्या लोकांनी त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले आणि घरी न्यायला सांगितले. मी शहाद्यात होते. फोन आला तेव्हा मी वाचत होते. मी पुस्तक मिटले आणि बस धरली.

दहावे झाल्यावर भावजय आणि मी स्टुडिओ उघडायला गेलो. शटर वर केले तर उंबऱ्याच्या आत पाकिटे पडली होती, कशात कागदी फोटो, कशात मेमरी कार्ड. शटरखालच्या फटीतून लोकांनी ती आत सरकवली होती. दाराशेजारी भावाच्या हातची पाटी तशीच होती : हौशी लोकांची फोटो स्पर्धा, फोटो घेणे चालू आहे. त्याच्या मरणाची बातमी तालुक्यात सगळ्यांना होती. तरी पाकिटे येत राहिली होती. वरच्या पाकिटांवर धूळ बसलेली नव्हती, म्हणजे ती अलीकडेच टाकलेली असणार.

भावजयीने ती उचलून टेबलावर रचली. पदराने वरून पुसली. "आक्का, यासनं काय करनं ते तुम्हीच देखा," ती म्हणाली. "पुढला महिनाले दुकान भाडे देवानं शे."

तिचा मुलगा सुरतेला असतो. त्याने आईला तिकडे न्यायचे ठरवले होते आणि दुकान मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एकाला देऊ केले होते. यात चुकीचे काही नव्हते. मी मान हलवली आणि पाकिटे माझ्याकडे ओढली.

ही स्पर्धा भावाने सुरू केली ती स्टुडिओत गिऱ्हाईक येईनासे झाल्यावर. प्रत्येकाच्या हातात फोन आला, आणि पासपोर्ट फोटो सोडला तर कुणाला त्याची गरज उरली नाही. तो म्हणायचा की लोक दिवसभर फोटो काढतात, पण काढलेल्याकडे परत कुणी बघत नाही. म्हणून त्याने ठरवले की दिवाळीनंतर ज्याला हवे त्याने एक फोटो आणून द्यावा. तो प्रत्येक फोटो कॅलेंडरएवढा मोठा करून छापायचा. स्टुडिओच्या ओट्यावर दोरी बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी ते फोटो आठवडाभर टांगायचा. मग ज्याचा त्याला परत. पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर तो काढत असे, पण त्यात त्याला रस नव्हता. रस होता तो फोटोखाली लावायच्या चिठ्ठीत. प्रत्येक फोटोखाली एक चिठ्ठी, तीत दोन-चार ओळींचा अभिप्राय.

"बक्षीस एकाले भेटस, चिठ्ठी बठ्ठासले," असे तो सांगायचा.

चिठ्ठ्या मी लिहीत असे. लोणखेड्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवले. निवृत्त झाल्यावर दरवर्षी त्या दिवसांत मी तळोद्याला येऊन राहायची. कामाची रीत ठरलेली होती. तो संगणकावर फोटो उघडायचा, खुर्ची मागे सरकवायचा, फोटोकडे बघत राहायचा आणि मग अहिराणीत काय ते बोलायचा. मी ते पुस्तकी मराठीत उतरवायची. आमच्या घरात सगळे अहिराणीच बोलत, पण चिठ्ठी मराठीत हवी असा त्याचाच हट्ट होता. लोक ती फ्रेम करून ठेवतात, म्हणायचा.

नंदुरबारकडून येणारे निम्मे फोटो मिरच्यांचे असत. पठारीवर वाळत घातलेल्या मिरच्या, लाल जमीन, मध्ये डोक्यावर टोपले घेतलेली बाई. ते आले की तो कपाळाला हात लावायचा.

"मिरची लालच ऱ्हास, आक्का. त्यानामा फोटू काढनारानं काय?"

मी लिहायची : रंग आपोआप मिळाला आहे. आता त्या बाईचा चेहरा कुठे आहे ते पाहावे.

तो वाकून वाचायचा. "हाऊ ते मीच बोलनू. पण मी बोलनू तव्हय इतलं चांगलं नही वाटनं."

प्रकाशाच्या घाटावरून तापीतला सूर्यास्त येई. तोरणमाळचे धुके येई. होळीला मोरपिसांचे टोप घालून नाचणारी माणसे येत. एकदा एका मास्तरांनी आपल्या पपईच्या बागेचा फोटो दिला होता. भाऊ त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला आणि शेवटी म्हणाला, "बठ्ठं शे. आभाय शे, झाडं शेतस, पपया शेतस. फोटूच नही शे." मी ते कसे लिहावे या विचारात पडले, तेव्हा तो हसत सुटला. हसून झाल्यावर त्याने पुन्हा पाहिले आणि म्हणाला की डाव्या कोपऱ्यात पाइपावर एक पक्षी बसलाय, मास्तरला तो दिसलाच नसणार, त्याला सांग की उद्या त्या पाइपाजवळ जाऊन बस. ते मी लिहिले. मास्तर दुसऱ्या वर्षी पक्ष्याचा फोटो घेऊन आले. तो हललेला होता.

त्याचा नियम एकच होता. चिठ्ठीत अशी एक गोष्ट पाहिजे की जी त्या माणसाला उद्या करता येईल. 'सुंदर' हा शब्द तो मला लिहू देत नसे. "सुंदर लिखं ते तो काय करी? घर जाई आनि झोपी जाई."

पहाडातून येणारे फोटो बहुधा जीपवाल्याच्या हाती येत. हा जीपवाला स्टुडिओसमोरच्या स्टँडवरून वरच्या गावांना गाडी भरायचा. त्याचा नंबर लागेपर्यंत माझ्या भावाकडे चहा प्यायला बसायचा. पहाडातल्या लोकांशी तो त्यांच्या भाषेत बोले, आमच्याशी अहिराणीत. कुणी त्याच्याजवळ फोन देई, कुणी जुना फोटो कागदात गुंडाळून देई, आणि तो ते आणून टेबलावर ठेवी.

पहिल्याच वर्षी त्याने एका म्हाताऱ्याचा फोटो आणला. मुलीने फोनवर काढलेला. म्हातारा अंगणात बाजेवर बसलेला, दुपारचे ऊन थेट तोंडावर, डोळे मिटल्यासारखे बारीक झालेले. भावाने सांगितले आणि मी लिहिले की चेहऱ्यावर ऊन आल्याने डोळे दिसत नाहीत, पुढच्या वेळी त्यांना झाडाखाली बसवावे.

बाजाराच्या दिवशी ती मुलगी जीपमधून खाली आली. फोटो तिने ओढणीत गुंडाळून आणला होता. ती बोलत होती आणि जीपवाला आम्हाला सांगत होता. तिचा बाप पावसाळ्यातच गेला होता. एवढाच एक फोटो होता. तिने ऐकले होते की इथे दिलेला फोटो मोठा करून मिळतो, म्हणून दिला होता. चिठ्ठी गावातल्या कुणीतरी तिला वाचून दाखवली होती. तिला फक्त विचारायचे होते की डोळे उघडून देता येतील का.

ते संगणकावर करता येते. लग्नाच्या फोटोंत भावाने ते कितीदा केले होते. पण तो नाही म्हणाला. ते डोळे दुसऱ्या कुणाचे तरी असतील, असे त्याने जीपवाल्याला तिला सांगायला लावले. मग तो तिला घराबद्दल विचारू लागला. भिंत कशाची आहे, चूल कोणत्या बाजूला आहे, दारातून ऊन कुठपर्यंत येते. आणि त्याने तिला फोटो कुठे लावायचा ते सांगितले : चुलीसमोर नको, धूर बसेल. दाराच्या समोर नको, ऊन रंग खाते. कुडाच्या भिंतीला टेकवायचा नाही, मागे काड्या लावून थोडी हवा ठेवायची. मुलीने सगळे ऐकून घेतले आणि गेली.

त्या दिवसापासून चेहरा असलेला कुठलाही फोटो आला की भाऊ तो आणणाऱ्याला आधी विचारायचा, "मानूस शे का?" आहे म्हटले तर चिठ्ठीत पुढच्या वेळी काय करायचे ते यायचे. नाही म्हटले तर फोटो कुठे लावायचा ते. तालुक्यात हे हळूहळू सगळ्यांना कळले. दरवर्षी तसे फोटो येत. स्पर्धेच्या दोरीवर सूर्यास्त आणि मिरच्यांच्या मध्ये गेलेली माणसे टांगलेली असत. येणारे-जाणारे सगळ्यांखालच्या चिठ्ठ्या सारख्याच लक्ष देऊन वाचत.

हे सगळे भावाच्या बघण्यावर चालत होते. तो गेल्यावर माझ्यासमोर पाकिटे होती आणि दुकान जायला थोडे दिवस होते. मला वाटले की या चिठ्ठ्या मी नीट लिहिल्या तर त्याचे ते बघणे एवढे वर्ष तरी चालू राहील. स्पर्धा पुढे कुठेही भरवता येईल, माझ्या शहाद्याच्या घराच्या ओट्यावरही. नाही जमले तर ते त्याच्याबरोबरच गेले असे समजायचे. दुसरे काही माझ्या हातात नव्हते. त्याचा कॅमेरा मला चालवता येत नाही.

मी रोज सकाळच्या बसने तळोद्याला जाऊ लागले. स्टुडिओ उघडायचा, झाडायचा, त्याच्या खुर्चीवर न बसता शेजारच्या स्टुलावर बसायचे आणि एकेक फोटो उघडायचा. खुर्ची मागे सरकवायला कुणी नव्हते. मी फोटोकडे बघायची आणि मला फोटोत जे होते तेच दिसायचे. नदी. बैल. लग्नातली मुलगी. शाळेची रांग. त्यात काय कमी आहे आणि काय जास्त, कुणाला उद्या काय सांगावे, यातले काहीही दिसत नव्हते. मला वाक्ये मात्र येत होती. इतकी वर्षे लिहून ती हाताला लागली होती. विषयाच्या जवळ जावे. पार्श्वभूमी मोकळी ठेवावी. सकाळचा प्रकाश वापरून पाहावा. मी ती लिहीत गेले. ती कुठल्याही फोटोखाली चालली असती. मी एकदा दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करून पाहिली. काही बिघडले नाही.

फोटो मी स्टुडिओतल्याच यंत्रावर छापले. मी दोरी बांधली, चिमटे लावले. लोक आले. चिठ्ठ्या वाचून "छान" म्हणाले आणि फोटो काढून घेऊन गेले. पपईवाले मास्तर आपल्या चिठ्ठीसमोर उभे राहिले, दोनदा वाचली, चष्मा वर केला.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"दरवर्षी इथून घरी जाताना त्यांचा राग यायचा. वाटायचं, याला काय कळतं. मग सकाळी उठून तेच करून बघायचो." त्यांनी फोटोचे चिमटे काढले. "यंदा राग येत नाहीये."

मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले आणि फोटो गुंडाळून गेले.

जीपवाला शेवटच्या दिवशी आला. स्पर्धेत तोही दरवर्षी भाग घेई. त्याचे सगळे फोटो गाडीत बसूनच काढलेले असत. समोरच्या काचेतून दिसणारा घाट, काचेतून दिसणारे पळस, काचेतून दिसणारी बकरी. प्रत्येकात वायपरची काडी आडवी आणि काचेवर चिकटवलेल्या देवाच्या चित्राची पाठ. भाऊ दरवर्षी त्याला तेच सांगे, "खाले उतर रे बावा. बकरी काय खाई जाई तुले?" आणि मी दरवर्षी तेच लिहायची : गाडीतून खाली उतरून काढावा. तो ती चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवी आणि स्टँडवरचे लोक हसत. "गाडी बंद करी ते चालू व्हत नही," असे त्याचे उत्तर ठरलेले. पुढल्या वर्षी फोटो पुन्हा काचेतूनच.

यंदा त्याने फोन माझ्यापुढे धरला. "हाऊ लावा, आक्का. उशीर व्हयना, पण लावा."

फोटो स्टँडवरून काढलेला होता. वायपर होता. देवाची पाठ होती. पुढच्या सीटवरच्या कुणाचे तरी डोके उजवीकडे निम्मी जागा अडवून होते. या सगळ्याच्या पलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे, नखाएवढा, स्टुडिओच्या दारात माझा भाऊ. पांढरा शर्ट. चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत होता. मान खाली. चेहरा दिसत नव्हता.

"कव्हयना शे?" मी विचारले.

"तो गया त्याना आदला आठवडाना."

मी फोटो संगणकावर घेतला. मोठा केला तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसू लागले, म्हणून परत लहान केला. जीपवाला चौकटीला टेकून उभा होता. दर वर्षी तो याच जागी उभा राहून भाऊ काय म्हणतो याची वाट बघायचा. आता तो माझ्याकडे बघत होता.

इतक्या दिवसांत प्रथमच एका फोटोत काय चुकले आहे ते मला दिसले. सांगायला कुणी लागले नाही. डोके नको होते. काच नको होती. रस्ता ओलांडायला हवा होता, आणि दाराच्या डाव्या बाजूने उभे राहायला हवे होते, कारण चष्मा पुसताना तो नेहमी उजेडाकडे, डावीकडेच वळायचा. तिथून चेहरा आला असता. हे सगळे मला एकदम दिसले.

"खाले उतराले जोयजे व्हतं," मी म्हणाले.

त्याने टेबलावरचा फोन उचलून खिशात टाकला. मग म्हणाला, "उतरनू ना, आक्का. फोटू काढी, फोन खिसामा टाकी उतरनू. तो म्हने ये, चहा ले. मंग तठेच बठनू. चहा पिना, गप्पा मारात. फोटू राही गया."

मी पेन्सिल हातात घेतली होती. समोर कोरी चिठ्ठी होती. माणसाचा फोटो आला की आधी काय विचारायचे ते आम्हा दोघांनाही माहीत होते. मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

"मंग आते काय लिखतस?" तो म्हणाला. "दरसाल लिखतस ते यंदाबी लिखा. मी वाची दखाडसू स्टँडवर."

खाली उतरून काढावा, असे लिहिले असते तर आता ते त्याने कधी करायचे, असा प्रश्न होता. मी चिठ्ठी कोरीच ठेवली आणि त्याला विचारले की फोटो कुठे लावणार आहेस.

"गाडीमा. काचना खाले, मन्हा समोर."

"तठे ऊन पडस," मी म्हणाले. "दिवसभर. रंग उडी जाई. घर लाव, आतली भिंतवर."

"घर मी ऱ्हास कठे?" तो म्हणाला. "उडू द्या. उडस तवलोंग ते देखसू."

मी त्याला पुन्हा सांगितले. ऊन रंग कसे खाते, तांबडा आधी जातो, मग पिवळा. भावाने त्या मुलीला सांगितले होते ते सगळे सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले, मान हलवली आणि मी यंत्रावर छापून दिलेला फोटो घेऊन रस्ता ओलांडून गेला. गाडी भरली होती. त्याने फोटो काचेखाली ठेवला, वर एक रुमालाची घडी ठेवली की उडू नये, आणि गाडी चालू केली. दुसऱ्या झटक्याला ती चालू झाली.

महिना संपला तेव्हा मी दोरी सोडली. न नेलेले फोटो ज्यांचे त्यांना पोचवायला स्टँडवर दिले. दारावरची पाटी भावजयीने उतरवली. ती सुरतेला गेली. आता तिथे मोबाइलची काच बदलून मिळते आणि ओट्यावर बाकडे आहे.

शहाद्याच्या ओट्यावर मी स्पर्धा भरवली नाही. पुढच्या दिवाळीनंतर दोघा-तिघांनी फोन करून विचारले. मी नाही म्हणून सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

तळोद्याला काम निघाले की मी स्टँडवर जीप शोधते. उन्हाळा होऊन गेला आहे. फोटो अजून काचेखाली आहे. झाडांचा हिरवा गेला, दुकानाच्या पाटीचा तांबडा गेला. पांढरा शर्ट आणि मागची भिंत आता एकाच रंगाची आहेत. फोटोतली वायपरची काडी दिसते.